हिराजीमामाची मुकी गाडी

हिराजीमामाला माणसं कळायची ती गाडीच्या भाषेत. कुणाला ताप आला की कपाळाला हातही न लावता तो म्हणायचा, "गरम झालीय, जरा उभी करा." माझ्या आईला जिना चढताना दम लागायचा, त्यावर त्याचं निदान होतं, "एअर फिल्टर बदलाय पायजे." बारावीत मला गणितात जेमतेम मार्क पडले, तेव्हा घरात सगळे तोंड पाडून बसलेले असताना हा ओट्यावर चहा फुंकत म्हणाला, "पोरीला पिकअप हाय, चढाला जरा दमते इतकंच." हसावं की रडावं मला कळेना. पण त्यानंतर आई मला ओरडायची थांबली, हे खरं.

तो माझा सख्खा मामा नव्हे. पेणकडचा आगरी माणूस, तरुणपणी मिठाच्या गाड्या चालवायचा. लग्नानंतर बायकोच्या गावाला, म्हणजे दिवेआगरच्या पलीकडच्या आमच्या कोळीवाड्यात येऊन राहिला. बायको लवकर गेली, एकुलती मुलगी पेणलाच दिली, पण हा काही परत गेला नाही. आई त्याला राखी बांधायची, म्हणून तो आमचा मामा. राखीची ओवाळणी म्हणून दरवर्षी तो आईला गाडीच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर द्यायचा, आणि आईला त्याचं काही वाईट वाटायचं नाही.

त्याच्याकडे एक जुनी पिकअप होती. रोज सकाळी आमच्या वाड्यातल्या बायका मासळीच्या टोपल्या घेऊन तिच्या हौद्यात चढायच्या आणि घाट ओलांडून म्हसळ्याच्या बाजारात जाऊन बसायच्या. दुपारी तोच त्यांना परत आणायचा. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. पण एसटीत मासळीची टोपली घेऊन चढायचं म्हणजे कंडक्टरशी भांडण ठरलेलं, आणि रिक्षावाले सीटला वास लागतो म्हणून लांबूनच हात हलवतात. म्हणजे उरला बंदरावरचा दलाल. त्याच्या पुढ्यात टोपली ठेवली की भाव तो सांगणार आणि आपण मान हलवणार. म्हसळ्यात मात्र आमच्या बायका भाव स्वतः सांगायच्या, गिऱ्हाइकाशी भांडायच्या, मनात नसेल त्याला मासा द्यायच्याही नाहीत. माझी आई घरात बोलायची नाही इतकं बाजारात बोलायची. हे सगळं मामाच्या गाडीवर उभं होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं, बायकांनाही.

मी कॉलेजला म्हसळ्यालाच जायचे, मामाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून. माझ्या वह्यांना वास येतो म्हणून बाकावरच्या मुली सरकून बसायच्या. एकदा रडकुंडीला येऊन मी हे मामाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर सीटवर धुतलेला पंचा अंथरलेला आणि डॅशबोर्डवर उदबत्ती पेटवलेली. त्या दिवशी माझ्या अंगाला सुरमई आणि मोगरा असा एकत्र वास आला, आणि बाकावर मी एकटीच उरले. तरी मी ती उदबत्ती बंद करायला सांगितलं नाही. तीन वर्षं तिचा धूर खाल्ला आणि बी.कॉम. झाले. आज श्रीवर्धनला बँकेत खुर्चीवर बसते, त्यात त्या सीटचा वाटा मोठा आहे.

पुढे मामाचा डावा गुडघा गेला. जुन्या गाडीचा क्लच दगडासारखा, आणि घाटात तो दाबावा लागायचा सारखा. डॉक्टरनं गाडी सोडायला सांगितलं. मामानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, पण हौद्यात बसलेल्या बायकांना ती कळली. चढाला गिअर बदलायची वेळ आली की तो उशीर करायचा, गाडी आचके द्यायची, आणि टोपल्या एकमेकींवर आपटायच्या. एकदा आईनं त्याला सरळ विचारलं.

"दादा, तू थांबलास तर आमी कुटं बसायचं?"

"मी मेलो न्हाय अजून," मामा म्हणाला.

"ते दिसतंय. पायाचं बोल."

"पाय चालायला लागतो. मी गाडी चालवतो."

असं बोलून तो लंगडत निघून गेला. पण त्याच आठवड्यात म्हसळ्याच्या गॅरेजमध्ये जाऊन क्लच मऊ करता येईल का, असं विचारत बसला. तिथेच त्याला अभय भेटला.

अभय पुण्याच्या एका गाड्या बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होता. त्यांनी नवी हायब्रिड पिकअप बनवली होती आणि ती खाऱ्या हवेत, घाटात, रोजच्या ओझ्याखाली कशी टिकते ते त्यांना बघायचं होतं. त्यासाठी रोज माल नेणारा कुणीतरी वर्षभर ती चालवायला हवा होता. मामानं बाकी काहीही न ऐकता एकच प्रश्न विचारला, क्लच आहे का. अभय म्हणाला, नाही. मामा म्हणाला, मग द्या.

गाडी आली तेव्हा पोरंटोरंच काय, म्हातारेही बघायला उभे राहिले. आमच्याकडच्या पिकअपच्या दीडपट अंग, राखाडी रंग, चार दारांची केबिन, मागे लांबलचक हौदा आणि अंगावर कुठेही नाव नाही. एकाच गाडीत डिझेलचं इंजिन आणि बॅटरीवर चालणारी मोटर. हळू जाताना बॅटरीवर जायची, चढ आला की दोन्ही मिळून ओढायची. मामा हे सगळ्यांना आपल्या पद्धतीनं समजावून सांगायचा. "दोन बैल हायत. एक खातो, एक खातच न्हाय."

पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. जुनी गाडी खडखडत यायची आणि त्या आवाजावर सगळा वाडा चालायचा. वळणावर आवाज आला की आई चहाचा शेवटचा घोट घ्यायची, देवळापाशी आला की टोपली उचलायची. नवी गाडी गल्लीत हळू शिरली ती बॅटरीवर, म्हणजे अजिबात आवाज न करता. मामा नेहमीच्या जागी येऊन थांबला. नवी गाडी बघून बायका धावत येतील म्हणून ऐटीत बसून राहिला. इकडे घराघरात बायका टोपल्या भरून वाट बघत बसलेल्या, आज दादाला उशीर झाला म्हणत. तो आत रुसलेला, या आत वैतागलेल्या. शेवटी माझी आई "पाय बगून येते त्याचा" म्हणून बाहेर पडली, तर ही एवढी थोरली गाडी दाराशी.

"कवा आलास?"

"मगाशीच. नवी गाडी आनली, कोन बगाय पन आलं न्हाय."

"मुकी गाडी आनलीस, मंग कोन येनार?"

तेव्हापासून तिचं नाव मुकी पडलं. मामाला ते मुळीच आवडलं नाही, पण महिन्याभरात तोही डिझेल भरताना पंपावर "मुकीला टाकी भर" म्हणायला लागला.

मुकीचं अंग आमच्या गल्लीला झेपणारं नव्हतं. एकदा मामानं वळणावर ती अशी काढली की बोंबील वाळत घातलेली अख्खी दोरी टपावर येऊन पडली आणि कुणाला पत्ताच नाही. म्हसळ्याला पोचल्यावर लोक गाडीकडे बोट दाखवून हसायला लागले. मामा खाली उतरला, वर बघितलं, आणि चेहरा न बदलता जाहीर केलं, "आज सुकट पन हाय." ती दोरी होती आमच्या शेजारणीची. संध्याकाळी तिच्या दारात जाऊन त्यानं तिच्या शिव्या निमूट ऐकल्या. तो शिव्या ऐकताना मान हलवायचा, जणू कुणी त्याला रस्ता सांगतंय.

दुसरी गंमत आईची. मामा चहाला गेला होता आणि ही थंड केबिनमध्ये एकटीच बसली होती. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एकाएकी गाडी घुरघुरायला लागली. आई दोन्ही हात वर करून बाहेर आली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, "मी कुटंच हात न्हाय लावला." मामानं तिला सगळं नीट समजावलं. तरी पुढे कित्येक दिवस ती केबिनमध्ये हात मांडीखाली दाबून बसायची.

हौद्यात विजेचा प्लग होता. कंपनीच्या लोकांनी तो ड्रिल, करवत असल्या कामांसाठी ठेवला असावा. आमच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याला टेबलफॅन लावला, मासळीवर माश्या बसू नयेत म्हणून. बाजारात पंख्याच्या वाऱ्याखाली पापलेटं मांडलेली बघून गिऱ्हाइकं थांबायची. मला बँकेला सुट्टी असली की मीही आईच्या मदतीला जाऊन बसायचे, आणि खरं सांगते, त्या दिवसांत त्या बायका जितक्या खूश होत्या तितक्या मी त्यांना कधी पाहिल्या नाहीत.

पण मुकीची बॅटरी काही भरत नव्हती. डिझेल हवं तेवढं वाचत नव्हतं. मामा फोनवर अभयला म्हणायचा, "तुमचा न खानारा बैल आजारी हाय." गाडीत बसवलेल्या यंत्रातून पुण्याला सगळी माहिती जायची, पण त्यावरूनही त्यांना कारण कळेना. शेवटी अभय स्वतः आला आणि मामाच्या शेजारी बसला. मी मागच्या सीटवर होते. घाटमाथा ओलांडून म्हसळ्याच्या बाजूला उतार लागला, तसा मामानं सवयीनं दांडा न्यूट्रलला टाकला.

"मामा, हे काय केलंत?"

"डिझेल वाचवतो."

"रोज असंच उतरता?"

"मिठाच्या गाडीपासनं."

आमच्याकडचे सगळे जुने ड्रायव्हर असेच उतरतात. उतार लागला की गाडी मोकळी सोडायची आणि ब्रेकवर सांभाळत खाली आणायची. मामाला हे त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. अभयनं शांतपणे सांगितलं की ही गाडी उतारावरच वीज तयार करते. गिअरमध्ये ठेवून नुसता पाय उचलला की चाकं मोटरला फिरवतात, त्यानं बॅटरी भरते आणि गाडीही आवरलेली राहते. न्यूट्रलला टाकली की त्यातलं काहीच होत नाही.

मामा त्या दिवशी तसाच न्यूट्रलला उतरला. दुसऱ्या दिवशीही तसाच, तोंड फुगवून. बायकांना वाटलं, गुडघा दुखत असेल. तिसऱ्या दिवशी घाटमाथ्यावर त्याचा हात दांड्याकडे गेला आणि तसाच मागे आला. गाडी स्वतःला आवरत खाली उतरायला लागली आणि समोरच्या पडद्यावर बॅटरीची पट्टी चढू लागली. मामा रस्ता सोडून तीच बघत होता, म्हणून आई ओरडली, "पुढं बग." म्हसळ्याला पोचल्यावर त्यानं भाजीवाल्यालाही सांगितलं की उतारावर फुकट भरते.

आणि मग एक दिवस, सगळ्या बायका केबिनमध्ये आणि हौद्यात बसलेल्या असताना, त्यानं गाडी घाटमाथ्यावर थांबवली आणि मागे वळून म्हणाला, "इतकी वर्सं मी चुकीचा उतरलो. तुमाला पाठीमागं बसवून." जुन्या गाडीचे ब्रेक एकदा तापून सुटत आले होते आणि त्यानं ती कशीबशी कडेच्या मातीत घातली होती. तेव्हा बायकांनी देवाला नारळ फोडला होता. ब्रेक का तापले होते, हे त्याला आता कळलं असावं. आई म्हणाली, "पोचवलंस ना रोज? मंग चल आता, बरफ पगळतोय."

वर्षाच्या मध्यावर मामाचा गुडघा आणखी बिघडला. आता नुसतं चढणं-उतरणंही जड जायला लागलं. वर्ष संपलं की मुकी परत जाणार आणि जुनी गाडी त्याला चालवता येणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. बंदरावरचा दलाल आताच आईला "मावशी, कसं काय" विचारायला लागला होता.

माझी सुरेखावहिनीही रोज टोपली घेऊन जायची. एकदा मामा खाली उभा राहून टोपल्या चढवत असताना तिला म्हणाला, "जरा पुढं घे गं गाडी." ती म्हणाली, मला येत नाही. मामा म्हणाला, "तिलाच येतं. तू नुस्ती बस." क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, तेव्हा तिनं घेतली पुढे. दुसऱ्या दिवशी म्हणाला, देवळापर्यंत घे. मग रस्त्यापर्यंत. गाडी शिकवतो असं तो एकदाही म्हणाला नाही. डाव्या सीटवर डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायचा, पण वळण आलं की त्याचा डावा पाय तिथे नसलेला क्लच दाबायचा, आणि मग गुडघा धरून तो हळूच "आई गं" म्हणायचा.

माझा भाऊ बोटीवर असतो. परत आल्यावर त्याला हे कळलं, तेव्हा तो तावातावानं मामाकडे गेला. आधी मला विचारायचं होतं, म्हणाला. मामानं त्याला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "तू समुद्रात असतोस. तुझी आई म्हसळ्याला कुनाच्या जीवावर जानार?" भावानं चहा संपवला आणि घरी आला. वहिनीला लायसन काढायला घेऊन गेला तो तोच. मग मुकीला घाटातूनही तीच न्यायला लागली.

वर्ष भरलं आणि अभय गाडी न्यायला आला. मामा सकाळपासून मुकीला धूत होता. बायकांनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि अभयच्या हातात सुकटीची पिशवी ठेवली. पुण्यापर्यंत त्याचं काय झालं असेल ते त्यालाच माहीत. मामानं विचारलं, पुढे हिचं काय करणार. अभय म्हणाला, सगळी खोलून बघायची. मामानं बोनेटवर हात ठेवला. मग म्हणाला, "नीट खोला. कामाची बाई हाय." ती गेली, तीही आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या गाडीवरची ताडपत्री काढली. बोर्लीच्या एका माणसाला ती घ्यायची होती, त्याला मामानं "विकायची न्हाय" म्हणून परत पाठवलं आणि चावी वहिनीच्या हातात दिली. क्लच तेवढा तिला नवा होता. रस्ता, ओझं, घाट हे सगळं वहिनीच्या अंगात मुरलेलं होतं. तरी पहिले काही दिवस गाडीनं इतके आचके खाल्ले की आई म्हणाली, याच्यापेक्षा होडी बरी. मामा डाव्या सीटवर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, "गिअरमदीच उतर. माझ्यासारकी उतरू नको."

त्यानंतर मामाच्या मुलीनं हट्ट धरला की ऑपरेशन करून घ्या आणि पेणला येऊन राहा. मामा कबूल झाला, यावरूनच त्याला किती दुखत असेल ते कळलं. तो परत आला नाही. ऑपरेशन चांगलं झालं, पण पुढच्या पावसाळ्यात तो झोपेतच गेला. बातमी आली तेव्हा आई ओट्यावर बसून राहिली आणि मला म्हणाली, "त्यानं आपल्याला बंदरावर न्हाय बसू दिलं." मला इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं. आम्हा सगळ्यांचे त्या माणसावर काही उपकार नाहीत, त्याचेच आमच्यावर आहेत, आणि ते फेडायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही, कारण ते फिटणार नाहीत.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते तो पेणला निघाला त्या सकाळी. मला सुट्टी होती, म्हणून मीही गाडीत होते. म्हसळ्यापर्यंत आमच्याबरोबर आणि तिथून पुढे एसटीनं, असं ठरलेलं होतं. पण घाटमाथ्यावर तो वहिनीला म्हणाला, "थांबव," आणि पिशवी घेऊन खाली उतरला.

"इथं कशाला, मामा? एसटीला उशीर आहे," वहिनी म्हणाली.

"मी बाजूला असलो का तुझा जीव माझ्याकडं. जा. मी येतो एसटीनं."

"आणि मला जमलं नाही तर?"

"मागं बायका हायत. त्यांना विचार जमतं का."

मागून आईनं पत्र्यावर थाप मारली. वहिनीनं गाडी दुसऱ्या गिअरला टाकली. पूर्ण उतार ती गिअरमध्येच उतरली. ब्रेक तिनं वळणापुरतेच दाबले. खाली सपाटीला लागल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, तेव्हा ती रडत होती की तिला घाम आला होता, मी विचारलं नाही.

बाजारात पोचलो. बायकांनी आपापल्या जागा धरल्या, आई पहिल्याच गिऱ्हाइकाशी भांडायला लागली. अर्ध्या टोपल्या अजून हौद्यातच होत्या आणि वहिनी बर्फ आणायला गेली होती, तेवढ्यात एसटी रस्त्यावरून हळूहळू पुढे आली. खिडकीशी मामा बसला होता. मी हात केला. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. तो ओळीनं बसलेल्या बायकांकडे बघत होता, एकेकीकडे, सावकाश. मग त्याची नजर गाडीवर गेली, त्याचा चेहरा आंबट झाला आणि मान बाहेर काढून तो म्हणाला, "तिला सांग, गाडी उन्हात लावलीय. सावलीत घे."

एसटी पुढे गेली. वहिनी बर्फ घेऊन आल्यावर मी तिला सांगितलं, आणि तिनं गाडी सावलीत घेतली.